आरएसएस, पण ते नव्हे

नागपुरात राहून चारचौघांत "मी सध्या आरएसएसच्या मागे लागलोय" असं म्हणू नये. मी म्हटलं. तेही धरमपेठेत, तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर, सकाळी साडेसातला. आमच्या समोरच्या घरात राहणारे गुरुजी शेजारीच उभे होते. त्यांनी चमचा प्लेटमध्ये ठेवला, माझ्या पोटावरून एकवार नजर फिरवली आणि मोठ्या आपुलकीनं विचारलं, "सकाळची शाखा का संध्याकाळची?"

"ते नाही हो गुरुजी. महालातल्या संघाचं नाही. हे इंटरनेटवरचं."

"तिथे पण उघडली का?"

मग तर्री गार होईस्तोवर मी समजावत बसलो. ब्लॉगवर नवा लेख पडला की सोबत एक फाईलही ताजी होते. शीर्षक, तारीख, दुवा, जमलं तर सगळा मजकूर. तिला फीड म्हणायचं. फीड रीडर नावाचा गडी थोड्या थोड्या वेळानं प्रत्येक ब्लॉगच्या दारात जाऊन ती फाईल पाहून येतो आणि नवं असेल ते आपल्यापुढे आणून ठेवतो. नेटस्केपवाल्यांनी १९९९ साली हे काढलं. पुढे नावाची फोड बदलत बदलत 'रिअली सिम्पल सिंडिकेशन'वर येऊन थांबली. ज्याच्या नावातच 'अगदी सोपं' आहे ते सोपं नसणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"म्हणजे पेपरवाला," गुरुजी म्हणाले. "अन् पेपरवाला ठरवायला तुम्हाला महिना लागून राहिला?"

यावर उत्तर नव्हतं. पोहे मात्र आणखी एक प्लेट घेतले.

झालं असं, की मे महिन्यात कपाट आवरताना एक जुना पेन ड्राइव्ह सापडला. त्यात एकच फाईल होती. पूर्वी मी गूगल रीडरवर ब्लॉग वाचायचो. ते २००५ च्या ऑक्टोबरात सुरू झालं आणि १ जुलै २०१३ ला बंद. जाता जाता आपली यादी काढून घ्यायची सोय होती, ती मी काढून घेतली होती. ओपीएमएल म्हणतात त्या फाईलला. दिसायला गचाळ, पण कुठल्याही रीडरच्या तोंडात दिली की तो सगळे ब्लॉग ओळीनं मांडतो. माझ्या फाईलमध्ये २१७ होते. आणि त्याच्या थोडं आधीच मी फोनवर एकदा गुडघ्याचा पट्टा शोधला होता, त्यामुळे दोन महिने मला जगभरातून फक्त गुडघेच दिसत होते. आपण काय वाचायचं ते आपणच ठरवू, अशा ताठ्यात मी रीडर शोधायला निघालो.

पहिला रीडर फुकट होता, पण शंभर ब्लॉगांपर्यंत. त्यापुढे पैसे. आता २१७ मधले ११७ वगळायचे म्हणजे लग्नाच्या आमंत्रणाची यादी कापण्यासारखं. मी दोन रात्री खपून यादी १०४ वर आणली. शेवटचे चार काही केल्या निघेनात, म्हणून रीडरच सोडला.

दुसरा दिसायला फार देखणा. प्रत्येक लेखाला मोठं चित्र, बोटानं पान उलटायचं. पण मराठी आलं की त्याची बत्तिशी खिळखिळी व्हायची. जोडाक्षर दिसलं की तो ते सोडवूनच दाखवायचा. 'विद्यार्थ्यांच्या' या शब्दाचे त्यानं 'विद्‌यार्‌थ्‌यांच्‌या' असे तुकडे केले, वर प्रत्येक तुकड्याखाली पाय मोडलेला. पहिलीतलं पोरगं बोट ठेवून वाचतं तसं मी वाचू लागलो. शिवाय यादी अक्षरानुसार लावली की इंग्रजी ब्लॉग झेडपर्यंत संपणार, मग आपले सुरू होणार. त्यातही 'ज्ञ' हा 'ज'च्या घरात आणि 'क्ष' हा 'क'च्या. संगणकाच्या लेखी ते ज अधिक ञ आणि क अधिक ष असतात. आमच्या बाईंनी ही दोघं बाराखडीच्या तक्त्यात शेवटी बसवली होती, ती मला सापडेनात. त्यात माझा एक आवडता ब्लॉग 'क्ष'चा. तो बंद पडला असं समजून मी आठवडाभर हळहळत होतो.

मग भाचा आला. तो हिंजवडीला नोकरी करतो आणि सुट्टीत आमचं काहीतरी सुधारून जातो.

"मामा, दुसऱ्याच्या भरवशावर कायले राहता? आपला स्वतःचा रीडर टाकू ना. फ्रेशआरएसएस नाही तर मिनीफ्लक्स. फुकट आहे, मोजदाद नाही, जाहिरात नाही."

त्यानं काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी एक पाटी आणली, रास्पबेरी पाय म्हणतात त्या चिमुकल्या संगणकाला, आणि दिवाणखान्यात टीव्हीच्या मागे लावली. बायकोनं वाकून पाहिलं. "पाय कुठंय? मला तर डबीच दिसून राहिली." पण डबी चालली हो! तीन दिवस दर तासाला गुमान दोनशे सतरा दारं हिंडून आली. चौथ्या दिवशी पारा पंचेचाळीसला टेकला आणि कूलरच्या पंपाला पिन कमी पडली. पिन कुणाची निघाली असेल ते सांगायला नको. मला कळलं दहा दिवसांनी. तोवर एका रोज चार लेख पाडणाऱ्या गृहस्थांचे बरेच लेख हुकले होते, कारण त्यांचा ब्लॉग वर्डप्रेसवर होता आणि तिथलं फीड मुद्दाम बदललं नाही तर शेवटचे दहाच लेख देतं. तक्रार करायला गेलो तर बायको म्हणाली, "कूलर बंद करून वाचायचं का मग?"

नाही. नागपुरात मे महिन्यात काही प्रश्न विचारायचे नसतात.

भाच्यानं हार मानली नाही. रीडर वाईट नाही, यादी वाईट आहे, असं त्याचं निदान. तो यादी उघडून मेलेले ब्लॉग उडवायला बसला, मी कलिंगड कापत होतो. तो मोठ्यानं वाचत होता. "शेवटची पोस्ट, २०११. 'खूप दिवसांनी लिहितोय, आता नियमित लिहीन.' उडवू?" उडव. "२०१२. 'बऱ्याच दिवसांत इकडे फिरकले नाही, क्षमस्व, आता मात्र...' उडवू?" उडव. असे साठ-सत्तर झाले. प्रत्येकजण नियमित लिहिण्याचं वचन देऊनच गेला होता. मराठी ब्लॉग आजारानं मरत नाही, संकल्पानं मरतो.

"हा घ्या आणखी एक. २०१३. 'कामाच्या धबडग्यात लिहिणं झालं नाही. या दिवाळीपासून दर रविवारी.' उडवू?"

"तो राहू दे."

"काऊन? त्याच्यात काय आहे एवढं?" त्यानं स्क्रीन जवळ घेतली. मग माझ्याकडे पाहिलं. "मामा, हा तर तुमचाच आहे."

मी त्याला कलिंगडाची मोठी फोड दिली.

आता ९१ उरले. पहिला, शंभरवाला रीडरही चालला असता, पण मी सगळ्यात साधा निवडला. चित्र नाही, पान उलटणं नाही, जोडाक्षरं धड. अडचण एकच, तो आकडा. कंसातला, ठळक, न वाचलेल्यांचा. गूगल रीडर हजाराच्या पुढे '१०००+' एवढंच दाखवायचं, त्यात निदान सभ्यपणा होता. हा एकेक मोजायचा. १२८४. रात्री दूध तापवताना डोळ्यांसमोर १२८४. वीजबिलसुद्धा मी इतक्या मनाला लावून घेत नाही.

मग एका रविवारी सेटिंगं चाळताना एक ओळ दिसली: सात दिवसांहून जुनं ते वाचलंय असं समजा. आणि मला धंतोलीतलं आमचं जुनं घर आठवलं. दर मंगळवारी फिरत्या वाचनालयाचे काका सायकलवरून यायचे, हँडलला दोन्हीकडे खाकी पिशव्या. चार मासिकं द्यायचे, मागची चार न्यायचे. वाचून झालं का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. नाही वाचलं तरी गेलं. सोमवारी रात्री मात्र आई ओट्याशी उभी राहून, एका हातात उलथनं आणि दुसऱ्या हातात दिवाळी अंक, उरलेली कथा संपवत असायची. पोळी करपली तर करपली.

मी ती ओळ चालू केली. १२८४ चे ६३ झाले.

काल रात्री साडेअकराला बायको पाणी प्यायला उठली. मी स्वयंपाकघरात उभ्यानंच फोन धरून होतो.

"अहो, झोपत का नाही?"

"दोनच राहिलेत. उद्या जातील ते."

"कोण नेणार आहे?"

"काका," मी म्हणालो, आणि पुढचा लेख उघडला.