छातीतला पू आणि दात : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘फुफ्फुसाभोवती पू झालेल्या पाचांपैकी एक जण वर्षाच्या आत दगावतो’ हे माझ्या लेखातले वाक्य लोकांना घाबरवणारे आहे, आपले पंचेचाळिशीचे चुलते साखर असूनही याच आजारातून बाराव्या दिवशी चालत घरी आले आणि दातांशी छातीचा जोडलेला संबंध बादरायण आहे, असे आपण लिहिले आहे. पहिला आक्षेप मला बराचसा मान्य आहे. शेवटचा मुळीच नाही.

तो आकडा खोटा नव्हता, पण मी तो एकटा सोडायला नको होता. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पायलट’ या अनेक देशांतील अभ्यासात तीन महिन्यांत 10 टक्के आणि वर्षभरात 19 टक्के रुग्ण गेले, आणि त्यात कोणत्याही कारणाने आलेला मृत्यू धरलेला होता. वय, रक्तातील युरिया व अल्ब्युमिन, फुफ्फुसाभोवती साचलेले पाणी पुवाळलेले आहे की नाही आणि लागण रुग्णालयात झाली की बाहेर, यांवरून रुग्णांना ‘रॅपिड’ गुण दिल्यावर मात्र तीन महिन्यांतील मृत्यूचे प्रमाण कमी गुणांच्या गटात 2.3 आणि सर्वाधिक गुणांच्या गटात 29.3 टक्के निघाले. आपले चुलते बहुधा पहिल्या गटातले. या गुणांत साखरेला स्थान नाही, कारण हा आजार कोणाला जडतो आणि जडल्यावर कोण दगावतो, हे दोन निराळे प्रश्न आहेत. माझ्या लेखात ते एकत्र कालवले गेले, ही चूक माझी.

‘पू नव्हताच, मग छातीतले पाणी काढायची नळी कशाला?’ असेही आपण विचारता. पाणी दिसायला स्वच्छ असले तरी त्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) 7.2 च्या खाली गेला असेल तर नळी टाळू नये. शिवाय ‘रॅपिड’मध्ये पू नसलेल्या पाण्यालाच एक गुण जास्त आहे, हे वाचून प्रथम मीही चकित झालो होतो.

आता दात. मधुमेह, दारू आणि किडलेले दात ही जडण्याच्या बाजूची कारणे आहेत. झोपेत किंवा नशेत तोंडातली लाळ श्वासनलिकेत उतरते आणि हिरड्यांतले जंतू तिच्याबरोबर खाली जातात. गेल्या गळीत हंगामात कागलकडच्या गुऱ्हाळावरचे एक कामगार तीन आठवडे खोकल्याचे औषध पिऊन माझ्याकडे आले. रोजची दारू, साखर कधी तपासलेली नाही, खालचे चार दात हलणारे. त्यांनी तोंड उघडताच जो वास आला, तोच तासाभराने नळीखालच्या बाटलीतल्या पुवाला येत होता. पुवाचे कप्पे करणाऱ्या, आत पडलेल्या जाळ्यांमुळे नळीने भागले नाही आणि अखेर शस्त्रक्रिया करावी लागली.

मूळ लेखातले ते वाक्य मी आज बदलले आहे. दातांचा परिच्छेद तसाच ठेवला आहे.