‘आपोआप परत येतील’ असे म्हणण्याआधी

मंडळीपासून, म्हणजे चर्चपासून, दुरावलेल्या तरुणांच्या आईवडिलांना धीर देण्यासाठी एक संदेश वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : लहानपणी दिलेले धर्मशिक्षण वाया जात नाही, असे वचन बायबलमधील नीतिसूत्रे या पुस्तकात (२२:६) आहे, संसाराची जबाबदारी अंगावर पडली की मुले परततात, येशूच्या दाखल्यातील, घर सोडून गेलेल्या उधळ्या पुत्राच्या बापानेही केवळ वाट पाहिली, म्हणून मुलांजवळ विश्वासाचा विषय काढू नये, फक्त प्रार्थना करावी. यातला प्रार्थनेचा आग्रह मला मनापासून मान्य आहे. बाकीचे मान्य नाही.

योग्य वळण लावलेले मूल म्हातारपणीही त्या वाटेवरून ढळणार नाही, असे नीतिसूत्रांतील ती ओळ सांगते. आधी ढळेल आणि मग परतेल, असे ती म्हणतच नाही. शिवाय नीतिसूत्रे आयुष्यात सहसा काय घडते ते शिकवतात, प्रत्येक घराला हमी देत नाहीत. ती हमी मानली, तर ज्यांचे मूल परतले नाही त्यांच्या दुःखावर आपण दोषारोपही लादतो, आणि हे मला फार निष्ठुर वाटते.

संसाराच्या मुद्द्याला पुढे थोर ख्रिस्ती धर्माचार्य झालेल्या संत ऑगस्टिनचे उदाहरण पुरेसे आहे. तो अठराव्या वर्षाच्या आसपास बाप झाला, पण त्यामुळे ख्रिस्ताकडे वळला नाही. त्यानंतरही तो कित्येक वर्षे मानी नावाच्या धर्मसंस्थापकाच्या, मंडळीबाहेरच्या पंथाच्या नादी होता. ३८७ मध्ये मिलान येथे त्याचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्याच्यासोबत बाप्तिस्मा घेणारा त्याचा मुलगा पंधरा वर्षांचा होत आला होता. ‘त्याला तूर्त असू दे, प्रार्थना कर,’ असे एका बिशपने त्याच्या आईला, मोनिकेला, सांगितले होते हे खरे. पण तेव्हा ऑगस्टिन काही ऐकून घेण्याच्या मनःस्थितीतच नव्हता, म्हणून तो सल्ला होता. पुढे मिलानमध्ये बिशप अँब्रोजने त्याचे आपुलकीने स्वागत केले, आणि जुन्या कराराविषयीच्या त्याच्या शंका अँब्रोजची प्रवचने ऐकता ऐकता सुटत गेल्या. मोनिकेच्या प्रार्थनेतील अश्रूंबरोबर हे बोलणेही लागलेच.

उधळ्या पुत्राचा दाखला ज्यात आहे त्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात वाट पाहणारा बाप आहे, तसा हरवलेल्या मेंढराच्या शोधात निघणारा मेंढपाळही आहे. शिवाय तोच बाप धाकट्याच्या स्वागतावर रुसलेल्या थोरल्या मुलाची समजूत घालायला स्वतः घराबाहेर येतो.

तरी या संदेशामागची भीती खरी आहे, कारण विषय काढला की पुष्कळ घरांत उपदेशच सुरू होतो आणि मूल आणखी दूर जाते. त्यावरचा मार्ग लूक २४ मध्ये दिसतो. येशूच्या मृत्यूने निराश झालेले दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊस गावाकडे निघाले आहेत. मेलेल्यांतून उठलेला येशू त्यांना भेटतो, पण ते त्याला ओळखत नाहीत. तो त्यांना अडवत नाही, त्यांच्याच वाटेने चालू लागतो आणि आधी विचारतो की तुम्ही कशाविषयी बोलत आहात. ‘आम्हाला आशा होती’ हे भंगलेल्या मनाचे शब्द तो पूर्ण ऐकून घेतो, त्यानंतरच शास्त्र उलगडतो, आणि गाव आल्यावर पुढे जात असल्याचे दाखवतो. त्यांनी आग्रह केला तेव्हाच आत जातो. दुरावलेल्या तरुणाला ‘तू उपासनेला का येत नाहीस’ असे विचारण्याऐवजी ‘तुझी आशा नेमकी कुठे तुटली’ असे विचारावे, आणि उत्तरात एखाद्या वडीलधाऱ्या विश्वासीचा ढोंगीपणा किंवा अनुत्तरित राहिलेली प्रार्थना पुढे आली, तर मंडळीची बाजू सावरायला न धावता ते शेवटपर्यंत ऐकावे.