‘विकिपीडियावर कोणीही काहीही लिहितं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

गेल्या महिन्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर दादाने एक संदेश पुढे ढकलला. दादा म्हणजे माझा थोरला चुलत भाऊ, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला. तोच संदेश मग मैत्रिणींच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवरही आला. आशय असा: विकिपीडियासारख्या ठिकाणी कोणीही उठतं आणि काहीही लिहितं, तपासायला कोणी नसतं. खरे तज्ज्ञ तिकडे फिरकत नाहीत. जे फुकट मिळतं त्याची किंमतही तेवढीच. वर कमाई एका अमेरिकन कंपनीची आणि राबायचं आपण. शिवाय आता एआय आलंय, मराठीत काय हवं ते यंत्रच लिहून देईल, तेव्हा मराठी माणसाने यात वेळ घालवू नये.

मी सहा वर्षं मराठी विकिस्रोतावर जुनी पुस्तकं तपासते आणि जमेल तसं विकिपीडियावर लिहिते. हा संदेश वाचून मला गप्प बसवलं नाही.

आधी ‘तपासायला कोणी नसतं’ हे पाहू. विकिस्रोत म्हणजे स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकांचं ग्रंथालय. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हा हक्क संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून सगळ्यांचं झालं. अशा पुस्तकाचं पान स्कॅन होतं, यंत्र त्यातली अक्षरं ओळखून मजकूर तयार करतं, आणि मग माणूस तो मजकूर पानाच्या चित्राशी ओळ न् ओळ ताडून पाहतो. जुन्या छपाईत यंत्र फार अडखळतं. ध चा घ होतो, भ चा म होतो, आणि ख चा हमखास ‘रव’ होतो, कारण जुन्या खिळ्यांमधला ख दिसायचाच तसा. एका अक्षराने काय होतं हे ‘ध चा मा’ ऐकत वाढलेल्या आपल्याला वेगळं सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वी एका जुन्या पाकशास्त्राच्या पुस्तकाचं पान माझ्यासमोर होतं. यंत्राने लिहिलं होतं, ‘रववा पाव शेर’. मला वाटलं, एक व जास्तीचा पडलाय. मी ‘रवा’ केलं. पुढे साखर, तूप, वेलदोडे होतेच, त्यामुळे शंकाही आली नाही. पान तपासून झाल्याची खूण केली आणि लाल, म्हणजे न तपासलेलं पान पिवळं, म्हणजे एकदा तपासलेलं झालं. पण तिथला नियम असा आहे की पिवळं पान हिरवं, म्हणजे दोनदा तपासलेलं करायचं तर ते दुसऱ्या कोणीतरी करावं लागतं. ज्याने पिवळं केलं त्याला ते करता येत नाही. आठवड्याभराने एका अनोळखी सदस्याने ते पान उघडलं, चित्र मोठं करून पाहिलं, आणि माझा ‘रवा’ खोडून ‘खवा’ केला. यंत्राने ख चा रव केला होता, आणि मी अंदाजाने सगळा पदार्थच बदलून टाकला होता. त्या पानावर ‘इतिहास पहा’ इथे टिचकी मारली की माझी चूक, तिची तारीख आणि वेळ, आणि नंतरची दुरुस्ती, सगळं आजही दिसतं. छापील पुस्तकात अशी चूक राहिली असती तर दुसऱ्या आवृत्तीची वाट पाहावी लागली असती, आणि मराठीत किती पुस्तकांना दुसरी आवृत्ती मिळते?

विकिपीडियावरही हाच ‘इतिहास’ प्रत्येक लेखामागे असतो. ‘चर्चा’ असते, मोठ्या वादांसाठी चावडी असते, नवख्यांना हात बसवायला धूळपाटी असते, ‘अलीकडील बदल’ पाहत बसणारे लोक असतात, पानाला कुलूप लावू शकणारे प्रचालक असतात. स्वतः चालणाऱ्या आज्ञावलीला तिथे ‘सांगकाम्या’ म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो. कोणा सरकारी समितीने तो पाडलेला नाही, तिथल्याच लोकांनी आपल्या भाषेतून उचलला.

मग चुका राहत नाहीत का? राहतात, आणि काही वेळा भयंकर राहतात. २००५ मध्ये अमेरिकेतले ज्येष्ठ पत्रकार जॉन सीगेन्थॅलर यांच्यावरच्या इंग्रजी लेखात कोणीतरी लिहून ठेवलं की केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध असल्याचा संशय होता. धडधडीत खोटं, आणि ते चार महिन्यांहून अधिक काळ तसंच राहिलं. एका सज्जन माणसाला त्याचा केवढा मनस्ताप झाला असेल. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियाने खातं न उघडता नवा लेख सुरू करण्याची सोय बंद केली. त्याच वर्षाच्या शेवटी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने विज्ञानविषयक ४२ लेखांच्या जोड्या तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. विकिपीडियात लेखामागे सरासरी चार चुका निघाल्या, ब्रिटानिका या नामांकित इंग्रजी ज्ञानकोशात तीन. गंभीर म्हणाव्यात अशा चुका दोन्हीकडे चार-चारच. ब्रिटानिकाने या तपासणीच्या पद्धतीवर कडाडून आक्षेप घेतला, हेही सांगायला हवं. पण ‘कोणीही काहीही’ असं असतं तर हा सामना इतक्या जवळ आलाच नसता.

अर्थात ते इंग्रजीचं झालं. तो दाखला मराठीच्या पदरात टाकून मी मोकळी होणार नाही. लहान भाषांमध्ये काय होतं याची दोन उदाहरणं मला नेहमी अस्वस्थ करतात. स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेतल्या विकिपीडियावर एका अमेरिकन मुलाने वर्षानुवर्षं वीस हजारांहून जास्त लेख लिहिले. त्याला ती भाषा येतच नव्हती. इंग्रजी वाक्यांना स्कॉट्ससारखा वेश चढवून तो ती लिहीत होता. हे २०२० साली उघडकीला आलं, तोवर जगाला ती खरी स्कॉट्सच वाटत होती. क्रोएशियन विकिपीडिया तर दहाएक वर्षं मूठभर कडव्या राष्ट्रवादी प्रचालकांच्या ताब्यात होता, आणि त्यांनी दुसऱ्या महायुद्धातला आपल्या देशाचा इतिहास हवा तसा वळवला. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननेच तज्ज्ञाकडून त्याची चौकशी करवून घेतली आणि २०२१ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला.

ही दोन्ही उदाहरणं नीट पाहा. तिथे फार लोक लिहीत होते म्हणून घात झाला नाही. फार थोडे लिहीत होते, ज्यांना भाषा येत होती ते लांब होते, आणि मूठभरांना अडवायला कोणी नव्हतं, म्हणून झाला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, लेख लाखाच्या घरात आहेत, आणि नियमित लिहिणारे मात्र आपल्या भाषेच्या लोकसंख्येपुढे नगण्य आहेत. कित्येक गावांच्या पानांवर दोन ओळींपलीकडे काही नाही. तिथे चूक असेल तर ती कोणीही लिहू शकतं म्हणून टिकलेली नाही, आपल्यातलं कोणी ती वाचून दुरुस्त केली नाही म्हणून टिकली आहे. संदेश लिहिणाऱ्याने धोका ओळखला, पण त्यावरचा उपाय म्हणून आणखी माणसं कमी करायला सांगितली.

‘तज्ज्ञ फिरकत नाहीत’ या मुद्द्याला एक जुनी गोष्ट आहे. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी शब्दकोश आज प्रमाण मानला जातो. त्याचे संपादक जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये इंग्रजी वाचणाऱ्या तमाम लोकांना आवाहन केलं: पुस्तकं वाचा, शब्द कुठे कसा वापरलाय ते वाक्य चिठ्ठीवर उतरवा आणि पाठवा. लाखो चिठ्ठ्या आल्या. पाठवणारे शिक्षक होते, पाद्री होते, घरी बसून वाचणाऱ्या बायका होत्या. सर्वांत उपयोगी पडलेल्यांपैकी एक, डॉक्टर मायनर, मनोरुग्णांच्या कोठडीतून चिठ्ठ्या पाठवत होते. मरेंसाठी बागेत पत्र्याची खोली बांधली होती, तिच्यात कप्पेच कप्पे, आणि त्या कप्प्यांमध्ये या चिठ्ठ्या लागायच्या. मरे स्वतः चौदाव्या वर्षी शाळा सोडलेले. काम १९२८ ला पूर्ण झालं, ते पाहायला ते नव्हते. तज्ज्ञाची नजर आणि हजारोंचे हात एकत्र आले तेव्हाच तो कोश उभा राहिला.

फक्त तज्ज्ञांवर सोपवलं की काय होतं याचा प्रयोगही झालेला आहे. विकिपीडियाच्या आधी त्याच मंडळींनी ‘न्यूपीडिया’ काढला होता. जाणकार लेखक, तपासणीच्या सात पायऱ्या. पहिल्या वर्षात वीसेक लेख झाले. जानेवारी २००१ मध्ये विकिपीडिया सर्वांना खुला केला, तर वर्षभरात वीस हजारांच्या आसपास लेख आले.

यात मी आपल्या मराठी विश्वकोशाला कमी लेखत नाहीये. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून जे उभं केलं त्याचं ऋण मराठीवर कायम राहील. पहिला खंड १९७६ चा, विसावा २०१५ चा, आणि आज सगळं संकेतस्थळावर मोफत वाचता येतं. विकिपीडियावर लिहिताना मी विश्वकोशाचाच संदर्भ देते. विकिपीडियावर तुम्ही कोण, तुमची पदवी कोणती, हे विचारत नाहीत. हे कुठे छापलंय ते दाखवा म्हणतात. संदर्भ नसेल तर वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण लागते, मग ते प्राध्यापकाने लिहिलेलं असो की दहावीतल्या मुलीने. तज्ज्ञांनी लिहिलेल्या ग्रंथांना याहून मोठा मान कोणता?

‘फुकट ते कवडीमोल’ या मुद्द्यावर मला हैती आठवतं. १२ जानेवारी २०१० ला तिथे भूकंप झाला. राजधानी पोर्त-ओ-प्रिन्सचा धड नकाशाच आंतरजालावर नव्हता. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून काढलेला मुक्त नकाशा. जगभरातले शेकडो स्वयंसेवक उपग्रहांची चित्रं समोर ठेवून घरून गल्ल्या, पडलेल्या इमारती, तंबूंच्या छावण्या रेखाटत बसले. काही दिवसांत मदत पथकं तोच नकाशा हातातल्या उपकरणांत घालून फिरत होती. त्या नकाशाला पैसे पडले नव्हते. त्याची किंमत ढिगाऱ्यांमधून रस्ता शोधणाऱ्यांना विचारावी.

आणि ‘फुकट’ हा शब्दच इथे अपुरा आहे. विकिपीडियावरचा मजकूर मुक्त आहे. तुम्ही तो उतरवून घ्या, छापा, शाळेत वाटा, विकासुद्धा. अट एवढीच की श्रेय द्या, आणि बदल केलात तर तेही याच अटीवर पुढे द्या. जिथे नेट पोचत नाही अशा शाळेत शिक्षक नेटशिवाय वाचायची सोय करणाऱ्या ‘किविक्स’ या मोफत आज्ञावलीच्या साहाय्याने अख्खा विकिपीडिया पेनड्राइव्हवरून नेऊ शकतात, आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

कंपनीचं म्हणाल तर विकिमीडिया फाउंडेशन ही नफा न कमावणारी संस्था आहे, मुख्यतः देणग्यांवर चालते, आणि विकिपीडियावर जाहिरात नसते. मोठ्या कंपन्यांना विकिपीडियाचा मजकूर जलद पुरवण्याची सेवा ही संस्था पैसे घेऊन देते, हे खरं आहे आणि लपवलेलंही नाही. पण लिहिणारे लोक तिचे वेठबिगार नाहीत. २००२ मध्ये जाहिराती येणार अशी नुसती शंका आली, तर बरेच स्पॅनिश लेखक सगळे लेख उचलून निघाले आणि स्वतःचा वेगळा कोश त्यांनी सुरू केला. परवानाच असा की त्यांना कोणी अडवू शकलं नाही.

राहिला एआय. यंत्राने लेखांचे डोंगर रचता येतात, हे फिलिपिन्समधल्या सेबुआनो भाषेच्या विकिपीडियात दिसतं. लेख साठ लाख, त्यातले बहुतेक एका स्वीडिश माणसाच्या सांगकाम्याने पाडलेले, आणि संपादन करणारे मोजके. त्या डोंगरात सेबुआनो बोलणाऱ्या माणसाचं जगणं कितीसं सापडेल? यंत्र शिकतं ते आधी कोणीतरी लिहून ठेवलेल्यावर, त्यात विकिपीडियाही आला. जे कधी लिहिलंच गेलं नाही ते त्याने आणायचं कुठून? हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांमध्ये फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्या बायका तीन हजारांच्या वर. आज ग्रामीण भारताच्या नोंदी जपणाऱ्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्यातल्या बऱ्याच ओव्या कोणालाही वाचता येतात, काही ऐकताही येतात. त्या बायकांसमोर कोणी जाऊन बसलं नसतं तर जाती बंद पडली तशा ओव्याही विरल्या असत्या, आणि जगातलं कोणतंही यंत्र त्या परत देऊ शकलं नसतं.

हे सगळं मी दादाला फोनवर सांगत बसले नाही. वाद न घालता त्याला एवढंच विचारलं की तू ज्या धरणावर अकरा वर्षं काढलीस त्याच्या पानावर चारच ओळी आहेत, त्या वाचल्यास का? वाचल्या नव्हत्या. रात्री त्याचा फोन आला: कालव्याची लांबी चुकीची दिलीय. म्हटलं, बदल. खातं उघडायला मी मदत केली, धूळपाटीवर दोन दिवस हात बसवला, आणि त्याने लांबी दुरुस्त केली, वर कालव्याच्या कामाबद्दल एक परिच्छेदही लिहिला. दुसऱ्या दिवशी परिच्छेद जागेवर होता, पण त्यातल्या दोन वाक्यांपुढे ‘संदर्भ हवा’ लागलं होतं. दादा आधी चिडला: “मी स्वतः तिथे उभा होतो, मला काय संदर्भ मागतात!” मग माळ्यावरची ट्रंक त्याने खाली काढली. खात्याचा जुना छापील अहवाल तिच्यात आहे असं त्याला आठवतंय, आणि सध्या तो एकेक कागद बाजूला करत तो अहवाल शोधतोय.