एक्स्त्रेमादुरा राहूनच गेलं
सायकलवाटांवरचा लेख आवडला, पण स्पेनमधल्या वाटा म्हणून फक्त दक्षिणेकडचं आंदालुसियाच दिलंय, पश्चिमेकडचं, पोर्तुगालला लागून असलेलं एक्स्त्रेमादुरा राहूनच गेलं. तिथली त्रुहियो ते ग्वादालुपे या दोन गावांमधली वाट साधारण ८० किलोमीटर. एप्रिलमध्ये आम्ही दोघं गेलो तेव्हा तासाभरात चार-पाच गाड्या दिसल्या असतील. दुतर्फा ओकची विरळ झाडी, खाली चरणारी काळी डुकरं. त्रुहियोच्या बुरुजांवर करकोच्यांची घरटी आहेत. ते चोची वाजवतात तो टकटकाट खाली चौकात, पेरू जिंकणाऱ्या पिझारोच्या पुतळ्यापाशीही ऐकू येतो. गाड्या सायकलपासून दीड मीटर लांबूनच पुढे जातात, तिथे कायदाच आहे तसा. फक्त दुपारी २ ते ५ गावातली दुकानं बंद असतात, बाटल्या आधीच भरून घ्या. आणि जुलै-ऑगस्टमध्ये अजिबात जाऊ नका, पारा चाळिशी गाठतो.