राख फुकट, मिथेनॉल नाही

तळणीच्या तेलात मिथेनॉल मिसळून केळीच्या सालींची राख उत्प्रेरक म्हणून घातली की बायोडिझेल होतं, यात खोटं काही नाही. नेहमीच्या कॉस्टिक सोड्याऐवजी राख, म्हणून 'उत्प्रेरक फुकटात' हे कौतुक मात्र मला पटत नाही.

आधी तेल बघा. आपल्या गोव्यातल्या शॅकवाल्यांच्या कढईत इसवणाचा (सुरमईचा) रवा, मीठ, हळद सगळं उतरलेलं असतं. बादली दोन दिवस हलवू नका. वरचं तेल कापडातून गाळून ११० अंशांवर तडतड थांबेपर्यंत तापवा. पाणी राहिलं की साबण ठरलेला. मग १ मिली तेल, १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, फिनॉल्फ्थॅलिनचे (आम्ल संपलं की गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे) दोन थेंब. त्यात लिटरला १ ग्रॅम कॉस्टिक विरघळवलेलं पाणी थेंबथेंब. दीड मिलीच्या आत गुलाबी रंग टिकला तर पुढे जा. नाहीतर त्या तेलातलं आम्ल राखेतला पोटॅशियमच, म्हणजे उत्प्रेरकच, खाऊन टाकतं.

लिटरभर तेलाला साधारण ३० ग्रॅम राख लागते. किलोभर ओल्या साली सुकून शंभरेक ग्रॅम उरतात, जाळल्यावर जेमतेम १० ग्रॅम. म्हणजे ३ किलो साली. चवथीला केळी ढीगभर, पण त्या पावसात साली सुकायच्या आधी बुरसतात! चुलीतली काळी राख चालत नाही. ७०० अंशांच्या भट्टीत करडी-पांढरी करून हवाबंद डब्यात भरा, ती ओल पटकन धरते. नारळाच्या सोडणांतही पोटॅशियम भरपूर, पण बराचसा क्लोराइडच्या रूपात. तो इथे निरुपयोगी.

आता खरा हिशोब. लिटरभर तेलाशी प्रत्यक्षात सव्वाशे मिलीच मिथेनॉल जुळतं. कॉस्टिकने २५० मिलीत भागतं, राखेला ३७५च्या आसपास लागतं. जास्तीचं बरंचसं खाली ग्लिसरीनमध्ये बसतं. ऊर्ध्वपातनाने ते परत मिळवत नसाल, तर कॉस्टिकचे वाचवलेले चार पैसे तिथेच बुडाले. राख पुन्हा वापरायचं म्हणाल, तर पोटॅशियम मिथेनॉलमध्ये झिरपतो आणि दुसऱ्या घाण्याला ती मंदावते.

तेल, मिथेनॉल, राख एकत्र करून झाकण बंद, ६० अंश, दोन तास ढवळणं. मिथेनॉल ६४.७ला उकळतं, वाफ विषारी, आणि त्याची ज्योत उन्हात दिसतसुद्धा नाही. गॅसची शेगडी जवळही नको. रातभर निवू द्या, ग्लिसरीन काढा. मग २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल टाकून बघा. तळाशी तेल बसलं तर काम अर्धवट आहे. धुताना पहिलं कोमट पाणी अलगद सोडा. जोरात हलवलंत की तेल-पाण्याचं लोणी.

पामोलिनचं बायोडिझेल थंडीत गोठतं, गोव्यात ती धास्ती नाही. पण ट्रॉलरवाल्यांनो, १ जूनच्या मासेमारीबंदीआधी टाकी साध्या डिझेलवर आणा. दोन महिने पडून राहिलं की बायोडिझेल पाणी ओढतं, शेवाळासारखा गाळ धरतं आणि ऑगस्टच्या पहिल्या फेरीलाच फिल्टर तुंबतो.