लाल मुठीच्या दोरीबद्दल आमचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही एक स्टार दिलात आणि लिहिलंत: मुलीसाठी घेतलेल्या उड्यांच्या दोरीच्या मऊ मुठींत थॅलेट, म्हणजे प्लास्टिक मऊ करायला घालतात ते रसायन, आहे का, असं मेलवर विचारलं, तर सत्तर दिवसांनी एकपानी सर्टिफिकेट आलं. तपासणी फक्त दोरीची, मुठींचा उल्लेखही नाही, आणि वासाने डोकं उठतं. 'कागद दाखवून गप्प बसवता,' असंही म्हणालात.

तुमचं बरोबर आहे. चूक आमची आहे.

तुम्ही दोरी युरोपात घेतलीत. तिथल्या घातक पदार्थांच्या यादीतला एखादा पदार्थ वस्तूत ०.१ टक्क्याहून जास्त असेल, तर ग्राहकाने विचारल्यावर ४५ दिवसांत फुकट माहिती द्यावी लागते, असं तिथल्या रीच या रसायनांविषयीच्या कायद्याचं कलम ३३ सांगतं. तुमची मेल आमच्या विक्री विभागात पडून राहिली, कारण प्रश्न कुणाला कळलाच नाही.

तुमचा रिव्ह्यू वाचल्यावर गोदामातून काळ्या, निळ्या आणि लाल मुठी काढून प्रयोगशाळेत पाठवल्या. काळी आणि निळी ठीक निघाली. लाल मुठीत डीईएचपी हे थॅलेट ०.४ टक्के निघालं. युरोपात ते प्रजननक्षमतेला घातक म्हणून वर्गीकृत आहे, आणि ७ जुलै २०२० पासून अशा मऊ प्लास्टिकात चार थॅलेट मिळून ०.१ टक्क्याची मर्यादा आहे. म्हणजे आमची मूठ चौपट जास्त.

हे आमच्या हातून सुटलं कसं? मुठी बाहेरून येतात. पुरवठादाराच्या पत्रात 'तयार मालाच्या वजनाच्या ०.१ टक्क्याहून कमी' असं होतं. कोणत्या मालाच्या, हे आम्ही विचारलं नाही. अख्खी दोरी १८० ग्रॅमची, दोन्ही मुठी मिळून ३० ग्रॅम. मुठींतलं ०.४ टक्के म्हणजे ०.१२ ग्रॅम, ते १८० ग्रॅमवर पसरवलं की ०.०७ टक्के दिसतं आणि सगळं पास होतं. पण हात मुठीलाच लागतो. मऊ प्लास्टिकच्या मर्यादेचा हिशोब त्या प्लास्टिकच्याच वजनावर करायचा असतो. माहिती देण्याच्या नियमातही, जोडून बनवलेल्या वस्तूच्या प्रत्येक भागाचा हिशोब वेगळा, हे युरोपीय न्यायालयाने २०१५ मध्येच स्पष्ट केलं होतं. ते वाचून फाइल तपासणं माझं काम होतं.

थॅलेट आलं कुठून, तर पुरवठादाराने लाल रंगात जुन्या पीव्हीसीचा दळलेला दाणा मिसळला होता. आमच्याकडे माल आला की एक्सआरएफ गन, म्हणजे क्ष-किरणांनी तपासणारं हातातलं यंत्र, लावतो, पण ती शिसं, कॅडमियम अशी मूलद्रव्यं पकडते. थॅलेट म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. गनला ते दिसतच नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत जीसी-एमएससारखी, पदार्थातली रसायनं वेगळी करून ओळखणारी चाचणी करावी लागते, आणि ती आम्ही मुठींवर कधी केलीच नव्हती.

वासाबद्दल मात्र थोडं वेगळं सांगायचं आहे. डीईएचपीला जवळजवळ वासच नसतो, त्यामुळे तो वास दुसऱ्या कशाचा तरी आहे आणि आम्ही तो शोधतो आहोत. हे मुद्दाम लिहितो, कारण वास गेला की दोरी सुरक्षित झाली असं कुणी समजू नये.

लाल मुठींची विक्री सगळीकडे थांबवली आहे. युरोपातल्या आयातदारामार्फत तिथल्या बाजार-देखरेख यंत्रणेला कळवलं आहे. इथून पुढे प्रत्येक रंगाच्या, प्रत्येक लॉटच्या मुठीची चाचणी होईल आणि अहवालावर त्या भागाचं नाव असेल.

मुलीला ती दोरी वापरू देऊ नका. पाकिटाच्या मागे लॉट नंबर आहे, त्याचा फोटो पूर्वीच्याच मेलवर पाठवा. पैसे पूर्ण परत करू आणि तिन्ही मुठींचे अहवाल जसेच्या तसे पाठवू. पाकीट टाकून दिलं असेल तरी चालेल, मुठीचा रंग सांगितलात तरी पुरे. आता ही मेल मी स्वतः पाहतो.