‘ग्रिप टेप मारा आणि मोकळे व्हा’ म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार.

जुन्या एसटीची कॅम्पर, म्हणजे राहता-झोपता येईल अशी गाडी, करताना टपावर घसरू नये असा थर कसा द्यायचा, यावर मी लेख लिहिला होता. इपॉक्सीच्या (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या राळेच्या) ओल्या थरावर वाळू पेरायची, असं त्यात सांगितलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली: “एवढा खटाटोप कशाला? ग्रिप टेप मारा आणि मोकळे व्हा. वाळूने गुडघे सोलतात, पाणी साचतं, वजन वाढतं. ज्यांना काम माहीत नाही तेच असे लेख पाडतात.”

शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण ते लागलं. मतभेद असू द्या, पण ‘पाडतात’ हा शब्द कशासाठी? बस बॉडीच्या कामात माझी अठरा वर्षं गेली आहेत. तुम्ही कोणत्या टपावर कोणती टेप लावली आणि ती किती पावसाळे टिकली, हे लिहिलं असतंत तर मी ते आनंदाने लेखात घेतलं असतं. त्यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही.

गुडघ्यांचं मात्र मान्य. मी १६-३० मेशची वाळू सुचवली होती (मेश म्हणजे चाळणीचा नंबर; आकडा मोठा तितका दाणा बारीक). सोलर पॅनेल पुसायला गुडघ्यावर बसावं लागतं, तिथे ती बोचते. ३०-६० मेश पुरते. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता टेप, म्हणजे पाय घसरू नये म्हणून लावायची खरखरीत चिकटपट्टी. एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत वर्षानुवर्षं ॲल्युमिनियमच्या बॉड्या बांधल्या गेल्या, माइल्ड स्टीलच्या, म्हणजे साध्या पोलादाच्या, नंतर आल्या. म्हणजे मोडीतून घेतलेल्या जुन्या गाडीचा टप बहुतेकदा ॲल्युमिनियमचा, आणि त्यावर रिव्हेटच्या रांगा. टेप रिव्हेटच्या डोक्यावरून गेली की त्याच्या कडेने ती पत्र्याला टेकतच नाही, गोल पोकळी राहते. मे महिन्यात पत्रा इतका तापतो की हात टेकवत नाही. त्या उष्णतेने टेपचा गोंद मऊ पडतो आणि पाय वळवला की पट्टी सरकते. मग कड उचलते, जूनचं पाणी आत शिरतं आणि तिथेच कोंडतं. पाणी साचण्याची काळजी तुम्हाला आहे ना? ते साचतं ते टेपखाली. वर चढलेल्या माणसाला पट्टी धडधाकट दिसते, तो विश्वासाने पाय टाकतो आणि पायाखालून पट्टीच निघते. उघडा ओला पत्रा निदान निसरडा आहे हे दिसतं तरी.

टेपला जागा आहे: शिडीच्या सपाट पायऱ्या. तिथे ती खराब झाली की बदलता येते. टपावर नाही.

टपावर सगळं यश पत्र्याच्या तयारीत आहे आणि लोक नेमकी तिथेच घाई करतात. साबणाच्या पाण्याने धुवा, वाळल्यावर थिनरच्या फडक्याने तेलकटपणा काढा, मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने पूर्ण चमक जाईपर्यंत घासा. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर लगेच पुन्हा धरतो, म्हणून घासल्यापासून तीन-चार तासांत दोन भाग मिसळून करायचा इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) लागलाच पाहिजे. लोखंडाची सवय असलेले रंगारी रेड ऑक्साइड प्रायमर लावतात. ॲल्युमिनियमवर त्याचे पापुद्रे निघतात, आणि वरचा कितीही महागडा थर त्यांच्याबरोबर उठतो.

प्रायमर वाळला की रिव्हेट आणि सांध्यांवर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा, म्हणजे फटीतून पाणी शिरणार नाही. मग ६० सेंटिमीटर रुंद, ८ मीटर लांब वाट आखा, म्हणजे जवळपास ५ चौरस मीटर. एवढ्याला अर्धा लिटर प्रायमर, दीड लिटर इपॉक्सी, १० किलो धुतलेली, कोरडी क्वार्ट्झ वाळू आणि सव्वा लिटर पीयू टॉपकोट (सगळ्यात वरचा संरक्षक रंग) लागतो. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. वाळू डब्यात मिसळायची नाही. ती तळाशी बसते, मग पहिली अर्धी वाट गुळगुळीत होते आणि शेवटी नुसता गाळ उरतो. इपॉक्सी ओलं असताना चाळणीतून वरून सरळ खाली पडू द्या. तिरकी फेकली तर ओल्या थरावर लाटा उठतात. धूळ फुप्फुसाला घातक आहे, मास्क लावाच. २४ तासांनी सुटी वाळू झाडा, साधारण निम्मी परत मिळते. वर टॉपकोटचे दोन हात द्या, कारण उघडं इपॉक्सी उन्हात खडूसारखं भुकटतं.

पत्र्यांच्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना ५ सेंटिमीटर पट्टा वाळूशिवाय ठेवा. पाणी वाहून जातं आणि सीलंटला तडा गेला तर दिसतो. टप जिथे उताराला लागतो त्याच्या आधीच वाट संपवा. पाय टाकायचा तो टपाला आतून आधार देणाऱ्या आडव्या कमानींवरच, कारण दोन कमानींमधला पत्रा लवतो आणि थर तडकतो.

वजनाबद्दल: पाच किलो वाळूने बसला काही होत नाही. ही वाट उभ्या गाडीवर काम करण्यासाठी आहे, चालत्या गाडीच्या टपावर बसायला कायद्यानेच बंदी आहे.

तुम्ही टेप आधीच लावली असेल, तर पावसाआधी एका पट्टीची कड नखाने उचलून पाहा. खाली पांढरी भुकटी दिसली तर तो ॲल्युमिनियमचा गंज आहे. मग पट्टी पूर्ण काढा, गोंद थिनरने पुसा, भुकटी जाऊन पत्रा लागेपर्यंत घासा आणि त्याच दिवशी प्रायमर द्या.